‘क्रॅपी’ हा शब्द त्यांनी स्वतःसाठी वापरला होता

या वेळचं पत्र एका मुलाचं आहे, नाव नको म्हणालाय, खाली सही ‘ओशाळलेला’ अशी केलीय. पत्र बरंच मोठं आहे, त्यातलं कामाचं तेवढं देते.

“ताई, मला नोकरी लागून आठ महिने झाले. टीममधे बाहेरच्या देशातले पण लोक आहेत, सगळं बोलणं इंग्रजीत चालतं. एका सिनियर मॅडमनी त्यांचं डॉक्युमेंट मला वाचायला पाठवलं आणि सोबत लिहिलं, ‘सॉरी फॉर द क्रॅपी ड्राफ्ट’. मी वाचलं, बरंचसं चांगलंच होतं, दोन ठिकाणी अपुरं वाटलं. मी ग्रुपवर लिहिलं, ‘येस, इट इज अ बिट क्रॅपी, बट वी कॅन फिक्स इट’. मला म्हणायचं होतं की थोडं कच्चं आहे, करू आपण नीट. त्यांचं उत्तर आलं नुसतं ‘ओके’, आणि त्याला आता दोन आठवडे झाले, त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात. मॅनेजरनी बाजूला घेऊन सांगितलं, भाषा जरा सांभाळ. ताई, क्रॅपी म्हणजे शिवी आहे का? असेल तर त्यांनी स्वतः कशी वापरली? मी तर त्यांचाच शब्द उचलला. मी सिरीज बघून इंग्रजी शिकलोय, त्यात सगळे उठसूट हा शब्द वापरतात. आता माफी मागू का, मागितली तर लिहू काय, आणि असे शब्द पुढे वापरूच नयेत का? आणि त्या परत स्वतःच्या कामाला क्रॅपी म्हणाल्या तर मी काय बोलायचं?”

अरे, ‘मी तर त्यांचाच शब्द उचलला’ हे तुझं वाक्य मी दोनदा वाचलं, कारण सगळी गोम तिथेच आहे. शब्द त्यांचा होता हे खरं, पण तो त्यांनी स्वतःच्या कामाला लावला होता, आणि तू तो त्यांच्या कामाला लावलास. काम तेच, शब्द तोच, पण बोलणारं माणूस बदललं की सगळं बदलतं. आपल्याकडे बघ ना, कुणी म्हणतं ‘माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, सांभाळून घ्या’, आणि आपण वाचून म्हटलं ‘हो खरंच, कोंबडीचेच पाय आहेत, पण सुधारू आपण’, तर काय होईल? ते माणूस कोंबडीच्या पायांबद्दल तुझं मत विचारत नव्हतंच. ते नम्रपणे एक पायरी खाली उतरलं होतं आणि आपण हात देऊन वर घ्यावं एवढीच अपेक्षा होती. ‘सॉरी फॉर द क्रॅपी ड्राफ्ट’ हे वाक्य इंग्रजीत अगदी तसंच बोललं जातं, म्हणजे ‘घाईत केलंय, कच्चं आहे, हसू नका’. त्यावर ‘येस’ म्हणणं हाच तुझ्या उत्तरातला सगळ्यात लागणारा शब्द होता असं मला वाटतं, क्रॅपी त्याच्या नंतर.

आता शब्दाकडे येते, कारण तुला त्याचा अर्थ अर्धा माहितीये आणि उरलेला अर्धाच महत्त्वाचा आहे.

क्रॅपी म्हणजे वाईट दर्जाचं, हे तुला माहितीच होतं. तो बनलाय ‘क्रॅप’ या नामाला शेवटी ‘ई’ लावून, जसं डर्टचं डर्टी, मडचं मडी. आपण मळ वरून मळकट, धूर वरून धुरकट, माती वरून मातकट करतो ना, साधारण तीच युक्ती. म्हणजे क्रॅपी म्हणजे ‘क्रॅप’सारखं, क्रॅपकट म्हण हवं तर. मग क्रॅप म्हणजे काय, तर आजच्या इंग्रजीत विष्ठा, आणि तिथून पसरून कचरा, बकवास, निरर्थक बोलणं. हे आजही बोलणाऱ्याच्या कानात असतं, अगदी पुढे नसलं तरी मागे असतंच. म्हणून शब्द ऐकायला हलकाफुलका वाटला तरी त्याला किंचित वास आहे, आणि तो वास दुसऱ्याच्या कामाजवळ नेला की लगेच जाणवतो.

पण गंमतीची गोष्ट अशी की हा शब्द सुरुवातीला घाणेरडा नव्हताच. पंधराव्या शतकातल्या इंग्रजीत ‘क्रॅप’ म्हणजे धान्याचं फोलपट, कोंडा, मळणीनंतर जमिनीवर तुडवलं जाऊन उरलेलं, आणि चरबी वितळवल्यावर तळाला राहणारा गाळसुद्धा. थोडक्यात काय, कामाचं काढून घेतल्यावर जे उरतं ते. जुन्या फ्रेंच आणि डचमधे त्याचे भाऊबंद सापडतात, चाळणीत राहिलेलं, तोडून टाकलेलं अशा अर्थाचे. मला हे वाचल्यावर आपला ‘भंगार’ आठवला, तोही खरं तर मोडीत काढलेल्या वस्तूंचा शब्द, आणि आपण भाषणाला भंगार म्हणतो, खेळाला भंगार म्हणतो, मूडलासुद्धा म्हणतो. ‘फालतू’चं पण तसंच, मूळ अर्थ जास्तीचा, शिल्लक राहिलेला, एवढाच, त्यात काही अपमान नव्हता, आणि आज कुणाला फालतू म्हणून बघ. टाकून दिलेल्या वस्तूचं नाव हळूहळू अपमानाचं होतं, हे मराठीत झालं तसंच तिकडे पण झालं. क्रॅप या शब्दाचा विष्ठेशी संबंध एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजीत दिसायला लागतो, शौचाला जाणे या अर्थाचं क्रियापद 1846 पासून नोंदलेलं आहे.

या सालावरून आठवलं, तुला इंटरनेटवर हमखास भेटेल ती एक गोष्ट आत्ताच खोडून टाकते. लंडनमधे थॉमस क्रॅपर नावाचे एक प्लंबर होऊन गेले, 1836 सालचा जन्म आणि 1910 साली निधन, संडासाची उपकरणं बनवणारी त्यांची कंपनी चांगली चालायची, आणि लोक सांगतात की फ्लशचा शोध त्यांनी लावला आणि त्यांच्याच नावावरून हा शब्द आला. दोन्ही चूक. पाण्याने फ्लश होणाऱ्या संडासाचं वर्णन इंग्लंडमधे सर जॉन हॅरिंग्टन यांनी 1596 मधेच छापलं होतं, आणि ते क्रियापद नोंदलं गेलं त्या 1846 साली थॉमस क्रॅपर जेमतेम दहा वर्षांचे होते. नाव आणि धंदा यांचा योगायोग जुळला एवढंच, पण त्या योगायोगाने हा शब्द लोकांच्या डोक्यात अजून घट्ट बसला हे मात्र शक्य आहे.

तर तुझा पहिला प्रश्न, शिवी आहे का. मी असं सांगेन की शिवी नाही, पण शिव्यांच्या गल्लीत राहणारा शब्द आहे. याच अर्थाचा ‘श’ने सुरू होणारा जो शब्द तू सिरीजमधे ऐकला असशील तो उघड शिवी आहे, आणि क्रॅपी हा त्याचा सौम्य पर्याय म्हणून पुष्कळ लोक वापरतात, मोठ्या शब्दापर्यंत जायचं नाही पण चिडलोय हे तर सांगायचंय अशा वेळी. म्हणूनच तो ऐकताना लोकांना धक्का बसत नाही, पण मोठा शब्द गिळून हा आलाय हे त्यांना जाणवतं. डिक्शनरीत त्याच्यापुढे ‘इनफॉर्मल’ किंवा ‘स्लँग’ लिहिलेलं असतं, आणि आपण काय करतो, इनफॉर्मल वाचलं की समजतो, अच्छा, म्हणजे साध्या गप्पांमधला शब्द, चॅट म्हणजे गप्पाच, चालेल. तसं नसतं रे. इनफॉर्मल या एका लेबलाखाली ‘किड’सारखा निरुपद्रवी शब्द पण येतो आणि क्रॅपीसारखा पण येतो. ते लेबल शब्दाचे कपडे सांगतं, स्वभाव सांगत नाही. स्वभाव कळायला खालची उदाहरणं वाचायला लागतात, आणि क्रॅपीची उदाहरणं वाचशील तर बहुतेक सगळी अशी दिसतील: माझा फोन, माझा दिवस, हवामान, आम्ही राहिलो ते हॉटेल, मला मिळणारा पगार. म्हणजे एकतर स्वतःचं, नाहीतर कुणाचंच नाही, किंवा ज्याच्यावर राग आहे आणि जो समोर नाही त्याचं. समोरच्या माणसाचं काम त्यात जवळजवळ नसतं, आणि असलं तर तिथे भांडण चाललेलं असतं.

सिरीजचं पण तेच. तू म्हणतोस तिथे सगळे उठसूट वापरतात. वापरतात की. पण परत एकदा बघ आणि फक्त एवढंच टिपून ठेव की कोण, कुणाला, कशाबद्दल म्हणालं. दोन मित्र सोफ्यावर बसून तिसऱ्याच्या गाडीला क्रॅपी म्हणतात, मुलगी स्वतःच्या दिवसाला म्हणते, नवरा बायकोला म्हणतो की माझं वागणं क्रॅपी होतं, सॉरी. ऑफिसात नवा मुलगा सिनियरच्या कामाला तोंडावर, चारचौघात क्रॅपी म्हणतोय आणि सिनियर हसतेय, असा सीन सापडला तर मला कळव.

‘अ बिट’ने शब्द मऊ होईल असं तुला वाटलं असणार. मराठीत ‘जरा’, ‘थोडं’ लावलं की पुष्कळ काही मऊ होतं हे खरं आहे, आणि इंग्रजीत पण होतं, पण कुठल्या शब्दाला लावतोस त्यावर आहे. ‘थोडं अपुरं’ म्हटलं तर अपुरेपणा कमी होतो. ‘थोडं भिकार’ म्हटलं तर भिकारपणा कमी होत नाही, कारण भिकार हे माप नाहीये, तो बोलणाऱ्याचा वैताग आहे. क्रॅपी तसाच. तो वस्तूबद्दल फार कमी सांगतो. डॉक्युमेंट क्रॅपी म्हणजे नक्की काय, चुका आहेत, अर्धवट आहे, मांडणी गोंधळाची आहे, जुनं झालंय, की नुसतं दिसायला वाईट आहे? काही कळत नाही. कळतं एवढंच की बोलणाऱ्याला ते आवडलं नाही. म्हणून तो शब्द मन मोकळं करायला चांगला आहे आणि अभिप्राय द्यायला निरुपयोगी, आणि हे मी समोरचं माणूस दुखावेल म्हणून म्हणत नाहीये, कुणीही दुखावलं नसतं तरी म्हटलं असतं. त्या मॅडमना तुझ्या उत्तरातून काय दुरुस्त करायचं हे कळलंच नाही, आणि तुला तर नेमकं माहिती होतं, दोन ठिकाणी अपुरं आहे! ते लिहिलं असतंस तर हे पत्र तुला लिहायला लागलंच नसतं.

आणि जो शब्द तुला हवा होता तो तर मराठीतच होता. तू मला काय लिहिलंस, ‘थोडं कच्चं आहे’. कच्चं म्हणजे रफ. रफ वही, रफ काम, रफ डिझाइन, आपण हा शब्द शाळेपासून वापरतोय आणि त्यात कुणाला कमी लेखणं अजिबात नाही, उलट ‘अजून पक्कं व्हायचंय’ असा पुढचा रस्ता त्यात आहे. ‘इट्स स्टिल अ बिट रफ इन टू प्लेसेस’ हे कुठल्याही ऑफिसात, कुठल्याही सिनियरला चाललं असतं.

इथे आपल्या शब्दांवरून एक चाचणी सांगते, मी स्वतः अजूनही वापरते. नवीन इंग्रजी विशेषण हाताशी आलं की त्याच्या जागी मराठी शब्द ठेवून बघायचा आणि तो त्याच माणसाला, त्याच कामाबद्दल, तोंडावर म्हणता येईल का असं स्वतःला विचारायचं. यात मराठी शब्द मात्र नीट निवडायला लागतो, कारण वाईट दर्जासाठी आपल्याकडे केवढे शब्द आहेत आणि प्रत्येकाचं वजन वेगळं. ‘निकृष्ट’ अहवालात लिहितात, बोलताना कुणी म्हणत नाही. ‘सुमार’ थंड आहे, परीक्षण लिहिणाऱ्याचा. ‘तकलादू’ फक्त टिकणार नाही एवढं सांगतो, त्यात राग नाही. ‘थातुरमातुर’ आणि ‘पाट्या टाकल्यात’ हे वस्तूपेक्षा करणाऱ्याच्या वृत्तीबद्दल बोलतात, म्हणून ते जास्त झोंबतात. ‘गचाळ’मधे अस्वच्छपणा आणि हलगर्जी दोन्ही येतं. ‘टुकार’, ‘भिकार’, ‘भंगार’, ‘थर्ड क्लास’ हे सरळ वैतागाचे. क्रॅपी यांच्यात बसवायचा तर मी तो टुकार आणि भंगारच्या शेजारी बसवीन, वर थोडा घाणीचा वास घालून. आता म्हणून बघ, ‘हो मॅडम, तुमचा ड्राफ्ट जरा टुकार आहे, पण करू आपण नीट’. तोंडातून निघतं का? नाही ना निघत. ती जी आतून अडखळ होते ना, परक्या भाषेत तीच आपल्याला होत नाही, शब्दाचा अर्थ पाठ असतो पण जीभ अडखळायला शिकलेली नसते, म्हणून हा वळसा घ्यायचा.

माझंच एक सांगते. खूप वर्षांपूर्वी, मी भाषांतराची कामं नुकती सुरू केली होती तेव्हा, परदेशातल्या एका सहकाऱ्याने सकाळी लिहिलं, ‘आय फील क्रॅपी टुडे’. मला वाटलं काल पाठवलेल्या कामाबद्दल त्याला वाईट वाटतंय. मी लांबलचक उत्तर लिहिलं, काम कसं चांगलं झालंय, काळजी करू नकोस वगैरे. त्याला ताप होता. बिचाऱ्याने आभार मानले आणि झोपायला गेला. त्या दिवशी मला कळलं की ‘फील’च्या पुढे क्रॅपी आला की दर्जाचा काही संबंध उरत नाही, तब्येत बरी नाही, अंगात त्राण नाही असा अर्थ होतो. आणि ‘आय फील क्रॅपी अबाउट व्हॉट आय सेड’ म्हटलं तर तिसराच अर्थ, मी बोललो त्याचं मला वाईट वाटतंय, मनाला लागून राहिलंय. म्हणजे तुझी आत्ताची अवस्था सांगायला हाच शब्द अगदी बरोबर आहे बघ, आणि तिथे तो कुणालाही खटकणार नाही, कारण तो तू स्वतःला लावतोयस. (माफीत मात्र तो घालू नकोस, त्याबद्दल पुढे सांगते.)

माणसाला लावला तर? ‘अ क्रॅपी बॉस’, ‘अ क्रॅपी फ्रेंड’ असं म्हणतात, तिथे ते माणूस मुळात वाईट असं नसतं म्हणायचं, बॉस म्हणून वाईट, मित्र म्हणून कामाचा नाही, असं असतं. ‘दॅट वॉज अ क्रॅपी थिंग टू डू’ म्हणजे हे वागणं हलकटपणाचं होतं, तिथे दर्जाचा विषय संपून नीतीचा सुरू होतो.

व्याकरणाचं पटकन. क्रॅपियर, क्रॅपियेस्ट अशी रूपं होतात, ‘मोअर क्रॅपी’ कानाला बरं लागत नाही. उच्चार कॅटमधल्यासारखा ‘क्रॅ’, जोर त्याच्यावर. ब्रिटिश लोक नुसतं ‘क्रॅप’च विशेषण म्हणून वापरतात, ‘द फिल्म वॉज क्रॅप’, ‘आय ॲम क्रॅप ॲट मॅथ्स’, अमेरिकन माणूस तिथे बहुतेक क्रॅपी म्हणेल किंवा वाक्यच वेगळं करेल.

दिसायला जवळचे काही शब्द आहेत त्यांची गल्लत मात्र करू नकोस. ‘स्क्रॅपी’ हा वेगळाच प्राणी आहे, अमेरिकेत स्क्रॅपी टीम म्हणजे साधनं कमी पण जिद्दीने भिडणारी टीम, म्हणजे चक्क कौतुक, तर ब्रिटिश बोलण्यात स्क्रॅपी मॅच म्हणजे विस्कळीत, तुकड्यातुकड्यात झालेली. तुला कुणी स्क्रॅपी म्हणालं तर आधी तो कुठला आहे बघ. ‘क्रॅपशूट’ म्हणजे नशिबाचा खेळ, तो फाशांच्या खेळावरून आलाय, घाणीशी त्याचा संबंध नाही, मीटिंगमधे बिनधास्त वापरतात. आणि स्पेलिंगच्या शेवटी वेगळी अक्षरं असलेला ‘क्रॅपी’ नावाचा उत्तर अमेरिकेतला एक गोड्या पाण्यातला मासा पण आहे, पुष्कळ जण त्याचा उच्चार क्रॉपी करतात, फिशिंगच्या व्हिडिओत तो शब्द दिसला तर माशाची निंदा चालली नाहीये.

पुढे असे शब्द वापरूच नयेत का, असं विचारलंयस. माझं उत्तर, वापर. भाषेत नुसतं सोवळ्यातलं बोलून माणसं जवळ येत नाहीत, आणि वैताग सांगायला वैतागाचा शब्दच लागतो. नेट बंद पडलं, क्रॅपी कनेक्शन म्हण. दिवस वाईट गेला, क्रॅपी डे म्हण. पण दुसऱ्याच्या कामाजवळ जाताना तो बाहेर ठेवून जा. मैत्री किती घट्ट आहे याने थोडा फरक पडतो, पण लेखी मजकुरात आवाज आणि चेहरा दोन्ही नसतात, त्यामुळे मित्रालासुद्धा लिहिताना मी दोनदा विचार करीन.

त्याच्या आसपासचे शब्द पण ओळखून ठेव, सगळे एका मापाचे नाहीत. ‘लाउझी’ हा क्रॅपीपेक्षा सभ्य, घरात मुलांसमोर चालणारा, आणि त्याचं मूळ तुला सांगितलं तर हसशील, लाउस म्हणजे ऊ, डोक्यातली. लाउझी म्हणजे उवांनी भरलेला, चौदाव्या शतकापासूनचा शब्द आहे, आज कुणालाच ऊ आठवत नाही म्हणून तो एवढा स्वच्छ झालाय. बघ ना, ऊ विसरली गेली म्हणून लाउझी सुटला, आणि क्रॅप अजून विसरला गेला नाही म्हणून क्रॅपी अडकला. (‘लाउझी विथ मनी’ असं दिसलं तर मात्र तिथे वाईट काही नाही, पैशाने भरलेला, उवा बुजबुजाव्यात तसा.) ‘क्रमी’ पण सौम्य, थोडा जुन्या वळणाचा.

‘शॉडी’ मला स्वतःला फार आवडतो कारण त्याला खरीखुरी गोष्ट आहे. शॉडी हे कापडाचं नाव होतं. इंग्लंडमधल्या यॉर्कशरमधे बॅटली नावाचं गाव आहे, तिथे 1813 च्या सुमाराला बेंजामिन लॉ यांनी जुन्या लोकरी चिंध्या पिंजून, नव्या लोकरीत मिसळून परत कापड विणायची पद्धत काढली. तेव्हा ते वाईट अजिबात नव्हतं, स्वस्त आणि कामाचं होतं. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धात, 1861 ते 1865 मधे, घाईने गणवेश पुरवायला लागले तेव्हा काही ठेकेदारांनी असल्या कापडाचे फारच हलके गणवेश सैनिकांच्या अंगावर चढवले, ते पावसात आणि कूच करताना विरून गेले, आणि तेव्हापासून शॉडी म्हणजे वरून बरं दिसणारं, आतून फसवं काम. म्हणून शॉडीमधे आरोप आहे, करणाऱ्याने अंग चोरलं असा. तो लेखी तक्रारीत, बातमीत चालतो, घाणेरडा अजिबात नाही, आणि तरी सहकाऱ्याच्या कामाला शॉडी म्हणणं हे क्रॅपी म्हणण्यापेक्षा जास्त लागेल. सभ्य शब्द म्हणजे मऊ शब्द असं नसतं, हे यातून लक्षात ठेव.

तुझ्या कामात सॉफ्टवेअर असेल तर ‘जँकी’ भेटेल, अडखळत चालणारं, कसंबसं जोडलेलं. ‘डॉजी’मधे भरवसा नाही, काहीतरी संशयास्पद आहे असा भाव. ‘टॅकी’ दर्जापेक्षा अभिरुचीबद्दल बोलतो, भडक, हिणकस आवडीचं. एवढे सध्या पुरे.

आता माफी. माग, नक्की माग, दोन आठवडे झाले म्हणून उशीर झाला असं समजू नकोस. त्यांना वैयक्तिक मेसेज कर, ग्रुपवर नको, ग्रुपवर माफी मागितली की त्यांना सगळ्यांसमोर ‘काही हरकत नाही’ म्हणायला लागतं आणि ते त्यांच्यावर ओझं होतं. लहान लिही. ‘हाय, मला तुमच्या ड्राफ्टबद्दल मी जे लिहिलं त्याची माफी मागायची आहे. शब्द चुकीचा होता आणि तो तुमच्या कामाला न्याय देणारा नव्हता. मला म्हणायचं होतं की अमुक भाग आणि तमुक भाग यात अजून तपशील हवा, बाकीचं मला नीट समजलं आणि उपयोगी पडलं.’ हे इंग्रजीत लिही आणि यात क्रॅपी हा शब्द परत आणू नकोस, अवतरणात पण नको, त्यांना तो आठवतोय. ‘इंग्रजी माझी मातृभाषा नाही’ हे सांगावंसं वाटेल तर शेवटी एका ओळीत सांग, पहिल्या ओळीत नको. पहिल्या ओळीत आलं की माफी मागे पडते आणि सबब पुढे येते, आणि ‘तुम्हीच आधी म्हणालात’ हे तर कुठेच नको, ते खरं असलं तरी. मग पुढचं एखादं काम त्यांचं आलं की ग्रुपवर नेमका, मुद्देसूद अभिप्राय दे, जे आवडलं ते पण नाव घेऊन सांग, ‘सेक्शन तीनमधलं कोष्टक फार स्पष्ट आहे’ असं. चारचौघात जे उसवलं ते चारचौघातच शिवायला लागतं, आणि त्याला माफीच्या मेसेजपेक्षा जास्त दिवस लागतील, ते लागू देत. त्या लगेच मोकळेपणाने बोलल्या नाहीत तर परत परत माफी मागत बसू नकोस, एकदा पुरे.

मॅनेजरना पण एका वाक्यात सांगून टाक की बोललोय त्यांच्याशी. त्यांनी तुला बाजूला घेऊन सांगितलं, सगळ्यांसमोर नाही, ते चांगलं वागणं होतं.

राहिला शेवटचा प्रश्न, त्या परत म्हणाल्या ‘सॉरी फॉर द क्रॅपी ड्राफ्ट’ तर काय बोलायचं. क्रॅपीला उत्तरच द्यायचं नाही. ‘अजिबात नाही, छान आहे’ असं खोटं पण नको, अनुभवी माणसाला ते लगेच कळतं. कामावर ये. ‘थँक्स फॉर सेंडिंग इट अर्ली, द फ्लो इज क्लिअर, आय हॅव टू क्वेश्चन्स ऑन सेक्शन फोर’, आणि खाली तुझे दोन प्रश्न.